बॅटरी भरेपर्यंत

कर्जतहून पहाटे निघालो तेव्हा बबन म्हणाला, "तात्या, आता अकोल्यापतुर इंजान बंद करायचं न्हाई. बॅटरी मेलीय." बबन माझा पुतण्या, जीप त्याची. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोचा, सखूचा, दहावा होता. तिची थोरली बहीण जनाअक्का आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढं डोंगरात राहते. सखू गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला होता, पण अक्काला एसटीपर्यंत चालवत नाही. म्हणून तिला आणायला निघालो.

दुष्काळ सरून वर्षच झालेलं. नगरपर्यंत दोन्ही अंगाला बाजरी कणसात आलेली बघून बरं वाटलं. चहाला थांबायचं तर बबन आधी उतार शोधायचा, तिथं बंद केली तरी गडगडत चालू व्हायची. उतार नसला की जीप धडधडत ठेवायची, एकानं प्यायचा, दुसऱ्यानं राखणीला बसायचं. "बैल बरा रं हिच्यापरीस," मी म्हणालो.

संगमनेरला पेट्रोल संपत आलं. पंपावरचा माणूस नळी हातात धरून म्हणाला, "इंजिन बंद करा."

"केलं तर चालू हुईना."

"मग पेट्रोल नाही. मला इथं जळायचं नाही, बाबा."

त्याचं बरोबर होतं. बंद केलं. तंबाखू मळेपर्यंत टाकी भरली, आणि जीप जागची हलेना.

चारजण ढकलायला आले. मी सुतकात, अनवाणी. तापल्या डांबरावर मीही हात लावला. बबन म्हणाला, "सुरू झाली की पळू. अक्काला उभ्याउभ्या गाडीत घालायची आन् मागं फिरायचं. तिचं घर भातखाचरात. तिथं बंद पडली तर चिखलातनं ढकलणार कोण?"

मी हात काढला. "आन् ती बहिणीसाठी रडाय बसली, तर तू हॉर्न वाजवणार व्हय?"

बबननं स्टेअरिंग वळवलं. जीप ढकलत बॅटरीच्या दुकानाशी नेली.

दुकानदारानं बुचं उघडून आत बघितलं. "पाणी आटलंय. पाणी घालून चार्जिंगला लावतो. दुपार कलली की या."

"लवकर न्हाई का व्हायचं?"

"पेट्रोल ओतता येतं, बाबा. हे हळूहळूच चढतं. घाईनं काढली तर घाटात माझ्या नावानं बोंब माराल."

बाकावर बसलो. सखू गेल्यापासून घरात माणसांची ये-जा, नुसतं बसणं झालंच नव्हतं. माहेरहून आली की ती म्हणायची, "तुमच्या मुलखात भात औषधाला मिळत न्हाई." ते आठवून हसू आलं, मग रडू. दुकानदारानं माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. चहा सांगितला. "बसा, अजून वेळ आहे," म्हणाला.

डांगाणात, म्हणजे अक्काच्या डोंगराकडच्या मुलखात, दिवस मावळतीला पोचलो. भात निसवलेला, लोंब्या बाहेर पडलेल्या, बांधावर पाय घसरत होता. अक्का गाठोडं घेऊन दारात उभी. बबन सवयीनं इंजान चालू ठेवून बसला.

"बंद कर," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बंद केलं. एकदम शांत झालं.

"पाव्हणं, धाकटी माझ्या आदी कशी गेली वो?" म्हणत अक्का ओट्यावर बसली. मी शेजारी बसलो. सखूचं दुखणं, शेवटचं पाणी, सगळं सांगितलं. अक्का पोटभर रडली. मग तिनं उठून आम्हांला नाचणीची भाकरी दिली. निघताना जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दहावा वेळेवर झाला. आता लोक म्हणतात, "तात्या, उठा, कामाला लागा." लागतो की. पण मला टाकीसारखं झटक्यात भरून निघता येत न्हाई. त्या बाकावर बसलो होतो तसं अजून थोडं बसू द्या.