उरलेलं बॉनेट

बाबांचा हात दुखत होता आणि आम्ही त्याला बाम लावला.

वर्षभर डोक्यात हेच फिरून राहिलंय. म्हणून आज लिहून टाकते.

रिटायर झाल्यावर बाबांनी घरची जुनी लाल गाडी स्वतःच रंगवायला काढली. अंगणात, भाड्याचा कंप्रेसर आणून. गॅरेजला द्या म्हटलं तर भडकले. "काहून? मले हात नाही काय?"

रंग वाळला तर सगळा बारीक बारीक खड्ड्यांचा. पेंटर लोक याला ऑरेंज पील म्हणतात.

बाबा तरी खूश! शेजारच्या काकांना सांगत होते, "नागपूरची गाडी हाये, संत्र्याची साल येनारच ना गा!"

मग सुरू झालं घासणं. पाणी मारायचं आणि वॉटर पेपरने ती साल काढायची. घासलं की चमक जाते, सगळं पांढरट पडतं. मग त्यावर रबिंगची पेस्ट चोळली की आरसा.

आई घाबरायची. "अहो, होता तोही रंग घालवला तुम्ही!"

"थांब ना वं. आधी जाते, मंगच येते."

पाणी मारायचं काम माझं. मधेच म्हणायचे, "डोये मीट. हात फिरव. खरखर लागते काय? तुहे आजोबा मागावरचं कापड असंच पाहत."

बाबा डावरे. घासायचे ते डाव्याच हाताने.

त्या रविवारी बॉनेटची एक बाजू चमकली. ड्रायव्हरकडची. संध्याकाळी खांदा चोळत बसले.

"हात दुखून राहिला वं. उरलेलं उद्या."

दिवसभर घासल्यावर दुखणारच ना! आईने बाम लावला.

सकाळी बाबा उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

डॉक्टरांनी विचारलं, "काल डावा हात वगैरे दुखत होता का?"

आई तेव्हापासून रडलीसुद्धा नाही.

वर्षभर मी तीच गाडी घेऊन कळमेश्वरला कामावर जाते. अर्धं बॉनेट आरसा, अर्धं पांढरट. गेटवरचा गार्ड रोज विचारतो, "मॅडम, गाडीले काय झालं?" रोज! एकदा ओरडलेच त्याच्यावर. "काही नाही झालं! काम चालू आहे!"

पण काम कुठे चालू होतं? आईसमोर विषय काढला की, "वर्ष होऊ दे, मंग पाहू." स्वतः गाडीत बसायची नाही. बाजाराला जायचं तरी ऑटो.

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. मी भांडी आवरत होते, तर अंगणात नळाचा आवाज.

आई. पदर खोचून बॉनेटसमोर उभी. डोळे मिटलेले, हात त्या पांढरट भागावर.

"अजून खरखर लागते," म्हणाली. "पानी मार. पाहत काय राहिली?"

मी पाणी मारलं. ती घासत राहिली. एका हातात पाईप धरून मीही घासायला लागले.

बऱ्याच वेळाने थांबली. खांदा धरला. "हात दुखून राहिला वं."

बाप्पा रे! माझा जीवच उडाला. पाईप फेकला, तिला गाडीत कोंबलं आणि सरळ दवाखाना. रस्ताभर ओरडत होती, "अवं, पागल झाली काय?"

ईसीजी काढला. सगळं नॉर्मल.

डॉक्टर म्हणाले, "काकू, काही जड काम केलं का?"

आणि आई तिथेच, त्या पलंगावर बसल्या बसल्या रडायला लागली. वर्षभराचं रडली.

"म्हंजे घासून दुखतेच वं हात. खरंच दुखते. मंग मले कसं समजलं असतं?"

नसतं समजलं, आई. कोणालाच नसतं समजलं.

आत्ताच घरी आलोय. मी म्हटलं, आराम कर, उरलेलं उद्या करू.

"उद्या नाही," म्हणाली. रबिंगचा डबा शोधून राहिली आहे.

बाबा, आज आमचे दोघींचे हात दुखून राहिले. तुम्ही आता निवांत राहा. नमस्कार.