कोटाला वारं

कडकशेठचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. लाँड्री त्याची, कांजी त्याची कडक, आणि तोंड तर त्याहून कडक. गिऱ्हाईक एक दिवस उशिरा आलं की हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण खास विष राखून ठेवलेलं होतं ते समोरच्या लाँड्रीवाल्यासाठी. "गिऱ्हाइकांचे कपडे घालून मिरवतो लेकाचा," हे तो येईल त्याला ऐकवायचा.

आणि मिरवायचं कोण? हाच! सुट्टीचा दिवस उजाडला की कुणाचा ना कुणाचा शर्ट याच्या अंगावर. बायको म्हणाली, "अहो, जनाची नाही तर मनाची तरी," तर तिच्यावर खेकसला. पाच वर्षांच्या लेकीने मात्र विचारलं, "बाबा, हा आमच्या सरांचा शर्ट ना?" तेव्हा साहेब एकदम लोणी झाले. "अगं, बंद कपड्यांना कुबट वास येतो. अंगात घालून वारं दाखवावं लागतं. कामच आहे ते आपलं." पोरीला पटलं. बाबांचं तिला सगळंच पटायचं.

नाक्यावरच्या हॉटेलने नवा मजला चढवला. तिथल्या चादरी, टॉवेल, वेटरचे गणवेश, सगळं धुणं एकाच लाँड्रीला मिळणार होतं. कडकशेठचा धंदा डबघाईला आलेला. हे काम गेलं तर दुकानाला कुलूपच लागायचं. उद्घाटनाला दोन्ही लाँड्रीवाल्यांना बोलावणं आलं. याने दातांच्या डॉक्टरांचा निळा कोट चढवला, कारण डॉक्टर परगावी होते. बायकोने सरळ सांगितलं, "मी नाही येत." मग लेकीला घेतलं बरोबर. लेकरू हाताशी असलं की माणूस सज्जन दिसतो ना!

मॅनेजरबाई जवळ आल्या आणि हा सुरू झाला. समोरचा लाँड्रीवाला तिथेच उभा, पण भीड म्हणून नाही. "बाई, काम कुणालाही द्या, चोराला देऊ नका. हा गिऱ्हाइकांचे कपडे वापरतो."

समोरचा भडकला. "चोर तू! तुझा बाप चोर!"

चार माणसं वळून बघायला लागली. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या बाबांना चोर म्हणतो म्हणजे काय! ती तरातरा पुढे आली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझे बाबा चोर नाहीत! ते कपडे वापरत नाहीत, वारं दाखवतात! हा कोट दातवाल्या डॉक्टरांचा आहे, त्याला वारं दाखवतायत. काल सरांच्या शर्टाला दाखवलं!"

लोक खो खो हसले. मॅनेजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कोटाकडे नीट बघितलं.

आता तरी या माणसाने मान खाली घालावी की नाही? छे! "कार्टी खोटं बोलते," तो गरजला. "जन्माची खोटारडी आहे. हिच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका."

पोरगी रडायची थांबली. नुसती बघत राहिली त्याच्याकडे.

"उद्या ऑफिसात या," मॅनेजरबाई म्हणाल्या, पण समोरच्या लाँड्रीवाल्याला.

घरी बायकोने कोट काढून घेतला, ब्रश मारून हँगरला लावला. पोरगी न जेवता झोपली. हा मात्र रात्रभर तिलाच शिव्या घालत बसला, हातातोंडाशी आलेलं काम कार्टीने घालवलं म्हणून.

आठवड्याने डॉक्टर कोट न्यायला आले. कानावर सगळं आलेलं होतंच. कडकशेठ पडद्याआड इस्त्री करत होता, लेक काउंटरपाशी स्टुलावर बसली होती.

"काय गं, माझा कोट खरंच बाबांनी घातला होता?"

आतला इस्त्रीचा आवाज थांबला. पोरीने मान वर केली नाही.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी खोटारडी आहे. बाबांना विचारा."

डॉक्टरांनी पडदा बाजूला केला. आत कुणाचा तरी शर्ट करपत होता.