दादाच्या घरचा गाळ

“लेप्टो आहे,” डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्याशी भांडायला लागलो.

पेणच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारात. बाई वयानं लहान, पण आवाज शांत. त्या समजावत होत्या. लेप्टोस्पायरोसिस म्हणजे उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरणाऱ्या जंतूचा आजार. पायाला चीर असली, भेग असली की जंतू तिथून अंगात शिरतो. आधी ताप, मग पोटऱ्यांत कळा, डोळे लाल. वेळेवर औषध नाही मिळालं तर कावीळ आणि मूत्रपिंडांवर सूज. “तुमच्या मिसेसमध्ये यातलं सगळं दिसतंय. पुराच्या पाण्यात कुठं गेल्या होत्या का?”

“नाय म्हणजे नाय!” मी म्हणालो. “आमचं घर निडीला उंचावर हाय. कितीबी पाऊस पडू दे, उंबऱ्याला पाणी लागत नाय. शेती आम्ही करत नाय. मी कंपनीत, ती घरात. तुम्ही दुसरं कायतरी बघा.”

तेव्हा मागच्या बाकड्यावरून आवाज आला. “पाण्यात नाय, चिखलात गेली होती. आमच्या घरात.”

मी वळलो. माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. ज्या घराशी आमचं येणंजाणं बंद, त्या घरची बाई मांडीवर भाकरीचा डबा घेऊन रडत बसली होती. ती कधी आली तेही मला कळलं नव्हतं.

“तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, कोणाला सांगायचं नाय म्हणून,” वहिनी म्हणाली. “पण ती अशी पिवळी पडलेली बघितली आणि मला राहवलं नाय.”

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं फक्त एकदा बघितलं आणि आत गेल्या.

मी लिहिणारा माणूस नाही. रोह्याच्या एका कंपनीत फिटर आहे, हातात पाना धरायची सवय. पण पूर ओसरल्यावर आपल्या भागात घराघरांत हा ताप येतो, आणि माझ्यासारखे शहाणे डॉक्टरसमोर छाती पुढं काढून “नाय म्हणजे नाय” म्हणतात. म्हणून लिहितोय. बाकी ह्या सगळ्याचा अर्थ काय, ते मला विचारू नका. मला अजून लागलेला नाही.

ताप सुरू झाला तेव्हा आम्ही रोह्याच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरनीही हेच विचारलं होतं. मी हेच उत्तर दिलं होतं. शेजारी सुमन, माझी बायको, खाली मान घालून बसली होती. मलेरिया नाही, डेंगू नाही, असे रिपोर्ट आले. व्हायरल असेल म्हणून गोळ्या दिल्या. ती घरी येऊन पोटऱ्या दाबत कॉटवर पडून राहिली. मला वाटलं, ताप म्हटला की अंग दुखायचंच. मग तिला लघवी होईना आणि डोळे हळदीसारखे झाले. तेव्हा ॲम्ब्युलन्स करून पेण गाठलं.

आता भावाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं मूळ घर नागोठण्याला, अंबा नदीच्या अंगाला. तिथं दादा राहतो. गौरी-गणपती तिथंच. सुमनचं माहेर पेणजवळच्या जिते गावचं. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेजारची बाबी मावशी रोज येऊन तिचं हगणं-मुतणं काढायची. ही बाबी मावशी येशूला मानणारी. सुमननं तिला विचारलं, मावशी, तू हे का करतेस? ती म्हणाली, आमच्या येशूनं सांगितलंय, आजाऱ्याला बघितलंस म्हणजे मला बघितलंस. तेवढ्यावरून आमची बाई रविवारी मावशीच्या पडवीत प्रार्थनेला जायला लागली. कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, तुळशीला पाणी घालते आणि येशूच्या गोष्टी सांगते. ह्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी तिला कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही.

दादाला मात्र ते सहन झालं नाही. एका वर्षी गौरी आणायला सगळ्या सुना निघाल्या. सुमनच्या हातात सूप होतं. दादानं सगळ्या आळीसमोर ते काढून घेतलं. “बाटलेल्या बाईनं गौरीला हात लावायचा नाय,” म्हणाला. मी तिला घेऊन तिथून निघालो तो परत त्या घराची पायरी चढलो नाही.

यंदा अंबेचं पाणी दादाच्या घरात कंबरेएवढं शिरलं. पूर ओसरला की आमच्याकडं रिवाजच आहे, सगळं भावकीतलं माणूस गाळ काढायला धावतं. गाळ ओला आहे तोवर निघतो, सुकला की सिमेंटसारखा धरतो. त्या दिवशी दादा त्याच्या कंपनीत अडकलेला, तिकडचा रस्ता बंद, बदलीचा माणूस नाही. आळीतले आपापल्या घरच्या गाळात. वहिनीला गुडघ्यांमुळं बसता-उठता येत नाही. आमची बाई मला शिफ्टला पाठवून तिकडं गेली. चिखलात उतरली ती अनवाणी, टाचांना ह्या एवढ्या भेगा. दोन खोल्या, ओटी आणि न्हाणीघर तिनं एकटीनं फावड्यानं ओढून काढलं.

“देवसुद्धा तिनंच धुतले,” वहिनी मला बाकड्यावर सांगत होती. “देव्हाऱ्यात गाळ भरलेला. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे गो, हे बघतील. तर म्हणली, चिखलात कशाला ठेवायचे? एकेक धुतला, पुसला, कुंकू लावून बसवला. आणि जाताना म्हणली, दादांना सांगू नका, परत सगळं घर धुवून काढतील.”

मी वहिनीच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला.

त्या संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडांचं काम मशीननं करायचं. रक्त नळीतून बाहेर येतं, गाळून परत आत जातं. क्रिएटिनिन नावाची एक टेस्ट रोज व्हायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, “क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साचलेली घाण. हा आकडा खाली आला की समजायचं मूत्रपिंडं जागी झाली.” प्लेटलेट्सही कमी होत्या. त्या कमी झाल्या की रक्त गोठत नाही, कुठूनही वाहायला लागतं. ती वाचेल का, असं मी विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. “उशिरा आणलंत. पण आजार कळलाय, औषध चालू आहे. उद्या बोलू,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर थांबायच्या खोलीत माणसं भेटायला येत होती, आणि प्रत्येकाकडं कारण तयार. गावातला एकजण म्हणाला, घरचे देव सोडले, देव कोपला. प्रार्थनेला जाणारा एकजण म्हणाला, प्रभू परीक्षा बघतोय. डॉक्टर बाई म्हणाल्या, उंदीर. तिघांत मला उंदीरच पटला.

पण राग जात नव्हता. बाबी मावशी आली तसा मी तिच्यावर घसरलो. म्हटलं, “मावशी, तुमच्या येशूनं माझी बायको मारायला काढली. वैऱ्यावर प्रेम करा म्हणे! एका गालावर कोणी मारली तर दुसरा पुढं करायचा, चला, समजलं. मूत्रपिंडं पण पुढं करायची काय?”

म्हातारी ओरडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला बसली. “तुझा राग बरोबर हाय रे बाबा,” म्हणाली. “वैऱ्याचं भलं कर, हे त्यानं सांगितलंय. आपल्या माणसावर तर कोणीबी जीव लावतं, त्यात काय मोठं? तिनं तेच केलं. पण त्यानं अजून एक सांगितलंय. शेजाऱ्यावर स्वतःइतकाच जीव लाव. स्वतःइतका. म्हणजे आपल्यावरबी लावायचा ना? ते ही पोरगी विसरली. आणि आजाऱ्याला वैद्य लागतो, हे तर त्याच्याच तोंडचं हाय.”

“मग लपवलं कशाला?”

“ते तिलाच विचार.”

विचारायला मिळेल का, हाच तर घोर होता. पण एका सकाळी डॉक्टर बाई बाहेर आल्या त्या हसतच. लघवी सुरू झाली होती. माणसाच्या लघवीचा मला एवढा आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तिथंच बाईंच्या पाया पडायला वाकलो, त्या मागं सरकल्या.

सुमनला वॉर्डात आणल्यावर मी विचारलं. “अगो, मला का नाय सांगितलंस?”

“तुम्ही जाऊ दिलं असतंत?”

“नाय.”

“मग?”

“बरं, डॉक्टरला तरी सांगायचंस! रोह्याला तुझ्यासमोर विचारलं होतं त्यांनी.”

ती हळू म्हणाली, “साधा ताप वाटला हो मला. आणि येशू म्हणतो, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. सांगितलं असतं म्हणजे गावभर झालं असतं, बघा, सूप काढून घेतलं तरी हीच गेली. मग ते गाळ काढणं नसतं झालं, दादांना चपराक झाली असती.”

“मी डावा हात हाय काय?” मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की नर्स धावत आली. सुमन हसायला लागली आणि हसता हसता तिला कळ आली. मग मी बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिलो आणि रडलो. तिचं बरोबर होतं की चूक, मला सांगता येईना. अजूनही येत नाही. चांगलं काम लपवावं, हे मला पटतं. त्यापायी मरावं, हे पटत नाही. मधली रेघ कुठं मारायची ते मावशीनं मला दोनदा समजावलं. ऐकताना कळतं, घरी आलो की परत गोंधळ.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे. पुराच्या चिखलात पाय घातला असेल आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या धरल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला आधी चिखलाचं सांगा. कोणाच्या घरचा, का, कशाला, ते नंतर. दुसऱ्याच्या वतीनं छातीठोक उत्तर देऊ नका. माझ्या एका “नाय”नं काय झालं ते वाचलंत. गाळ काढायला जाताना गमबूट घाला. आरोग्य खात्याची माणसं पुरानंतर गोळ्या वाटतात, त्या विचारून घ्या, फळीवर ठेवून देऊ नका.

डॉक्टर बाईंचे, नर्सबायांचे उपकार आहेतच. पण सगळ्यात मोठे वहिनीचे. नवऱ्याच्या धाकात आयुष्य काढलेली ती बाई वचन मोडून बोलली.

सुमन आता बरी आहे. थकवा आहे, पाणी भरपूर प्यायचं, रक्ताच्या टेस्ट अधूनमधून चालू आहेत. दादालाही हाच ताप आला होता. तो लवकर आला म्हणून इंजेक्शनांवरच सुटला, मशीनपर्यंत पाळी आली नाही. दादा अजून दादाच आहे. सुमनच्या कॉटजवळ येऊन “बरी हायस ना?” एवढंच म्हणाला. गौरीचं कोणीच काही बोललेलं नाही.

दादा लवकर आला, असं लिहिलं खरं. तो आला नव्हता, त्याला आणावं लागलं. तेवढं सांगून थांबतो.

सुमन वॉर्डात होती तेव्हा वहिनीचा फोन आला. “ह्यांना ताप हाय. गटारातला गाळ ह्यांनीच काढला होता ना. सारखं पोटऱ्या चेप म्हणतात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर ऐकत नाय, गोळी खाऊन शिफ्टला निघालेत.”

माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगतो. आलं, जाऊ दे शिफ्टला. ते सूप मला दिसत होतं.

“कोणाचा फोन?” सुमननं विचारलं.

“कंपनीतला. चहा पिऊन येतो,” म्हणालो आणि मोटारसायकल काढली. नागोठण्यापर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. कशाला चाललोय, कोणी सांगितलंय, काय नडलंय! वाटेत दोनदा गाडी वळवावीशी वाटली.

दादा पायरीवर बसून बूट घालत होता. डोळे लालभडक. “तू कशाला आलास?”

“पोटऱ्या दुखतात ना? चल, बस गाडीवर.”

“माझी शिफ्ट हाय.”

“कंपनी बुडत नाय तुझ्यावाचून. बस म्हणतो ना!”

मी कधी दादावर आवाज चढवला नव्हता. वहिनीनं त्याला दंडाला धरून उठवलं, मध्ये बसवलं आणि आपण मागं बसली. तिघं एका गाडीवर, मी पोलिसाची पर्वा केली नाही. वडखळ मागं टाकून पेणच्या रस्त्याला लागलो. त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं, शर्टातून चटका बसत होता.

मग तो कानाशी पुटपुटला, “तुला पण बाटवला काय रे तिनं?”

“मला काय झालंय ते मलाच कळत नाय,” मी म्हणालो. “नीट धरून बस.”

त्यानं माझ्या कमरेला घट्ट धरलं.