सुपातली मूठ

अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींना मी जन्मभर नाकं मुरडली. आणि ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते नाना तर माझ्या वरताण. साठच्या दशकात ते कर्जतहून इतिहास-संस्कृतीचं एक त्रैमासिक काढायचे. कुणी काहीही लिहून आणलं की त्यांचा प्रश्न ठरलेला — "पुरावा काय?" मी शाळेत शिकवायचे आणि सुट्टीला त्यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्या जमवत हिंडायचे. पायांचे तुकडे पडायचे, पण घरोघरी गुळाचा चहा मिळायचा. काय दिवस होते!

जवळच्या कडाव गावात बायजाआजी होती. तिला आईची एक ओवी अर्धीच आठवायची. "आयचं येवढंच उरलंय माज्याकडं," म्हणायची, "त्ये बी अर्धं." जात्याचा खुंटा हातात आला तर पुढचं आठवेल, असं तिला वाटायचं. पण गावात गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं.

एका दुपारी मी ते मांडलं. वरचा दगड उचलून आतून स्वच्छ पुसून घेतलं. आजी दाणे आणायला उठली, तर नानांनी अडवलं — दाणे घालताना ओळ तुटते, रिकामंच फिरवा. आजीचा चेहरा उतरला.

"रिकामं जातं फिरवू नाय, बाबा."

आमच्याकडेही हे मानतात. पण नानांपुढे कुणाचं चालणार? शेवटी आईच्या ओळीपायी ती बसली.

'सरलं गं दळण, सुपात मूठ राहू दे...' इथेच अडायची. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. दगडावर दगड नुसता करकरत होता. मग तो आवाज मऊ होत गेला, दाणे पडल्यावर होतो तसा. मी वहीतून मान वर केली. आजीचे डोळे मिटलेले.

'येईल माझी लेक, तिला घास खाऊ दे.'

तिचा हात थांबला. जात्याभोवती पांढरं पीठ होतं... मूठभर. दगडाची पूड असेल म्हणून नानांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. तांदळाचं पीठ. सुवासिक. आजीने वास घेतला आणि म्हणाली, हे आईच्या वेळचं भात, आता कुणी लावत नाही.

थोडं कागदात बांधून घेऊ, असं नाना म्हणाले. आजीने ऐकलंच नाही. चूल पेटवून तिने तळहाताएवढी भाकरी थापली. दारी आलेल्याला उपाशी न धाडणारी बाई, पण त्या दिवशी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. रडत रडत एकटीने सगळी खाल्ली.

पुढच्या अंकात ओवी छापली, पिठाबद्दल अवाक्षर नाही. मी छेडलं तर नाना म्हणाले, "पुरावा जिचा होता तिने खाल्ला, पोरी."

आता नाना नाहीत, आजी नाही, त्रैमासिकही केव्हाच बंद पडलं. आजीच्या सुनेने दिलेलं जातं माझ्या गॅलरीत आहे. ते पीठ कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. माझी आई गेल्यापासून कितीदा तरी त्या खुंट्यावर हात ठेवलाय, पण फिरवायचा धीर होत नाही... काहीच पडलं नाही तर?