आधी फ्लेक्स लागला

यादी शनिवारी लागली, फ्लेक्स रविवारी लागला आणि विद्यापीठ मी मंगळवारी पाहिलं. आमच्याकडे हाच क्रम असतो. आधी अभिनंदन, मग चौकशी.

उंद्रीजवळच्या आमच्या फाट्यावर, प्रवासी निवाऱ्याच्या लोखंडी खांबांना तो बांधला होता. "एम.ए. राज्यशास्त्रासाठी विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मधे माझा आधार कार्डावरचा फोटो, ताणून रुंद केलेला. मागं इंटरनेटवरून उचललेली विद्यापीठाची इमारत. खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, त्यातले दोघं काळ्या चष्म्यात. विहाराच्या अभ्यासिकेतल्या ज्या पोरांनी खरी धावपळ केली त्यांची नावं सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

माझं फक्त पहिल्या यादीत नाव आलं होतं. प्रवेश पक्का करायला शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत होती आणि तो घ्यायचा की नाही हे मी ठरवलंच नव्हतं. पण फ्लेक्स लागलेल्या पोरीला परत येता येत नाही. आली तर गाव म्हणतं, "जमलं नाही वाटते."

दुसरी वाट तालुक्याच्या गावात होती. तिथल्या एका कॉलेजात एम.ए. आहे म्हणतात. तिथले सर मला मोठ्या प्रेमानं म्हणाले होते, "ये ना बाई इथी. परीक्षेपुरती ये. हजेरी आमच्याकडे लागली." दोन वर्षं मला कोणी काही शिकवणार नाही, याची ती हमी होती. त्यांनी पुढं केलेल्या चहाचीसुद्धा मला शिसारी आली.

म्हणून म्हटलं, बघून येते. शहराचं नाव लिहीत नाही. ते नाव घेतलं की आमच्याकडे लोकांचे आवाज मऊ होतात, ते मला ऐकवत नाही.

खरं तर विद्यापीठ बघायला जायची गरज मला पडायला नको होती. बी.ए. झाल्यावर मी तीन वर्षं विद्यार्थी संघटनेचं काम केलं. स्कॉलरशिप अडकली, काढ पत्रक. कॉलेजच्या वेळेला एसटी नाही, काढ पत्रक. आणि दर उन्हाळ्यात एक ठरलेलं: "गावातल्या पोरींनो, मोठ्या विद्यापीठात चला!" वसतिगृह मिळते, ग्रंथालय रात्रंदिवस उघडे असते, नामवंत प्राध्यापक शिकवतात. हे सगळं मी फोनवर वाचून लिहिलं होतं. स्वतः एकदाही गेले नव्हते, आणि मला कोणी विचारलंही नाही. जाड अक्षरांत छापलं की लोक विचारत नाहीत, हे संघटनेत पहिल्याच महिन्यात कळतं.

ते पत्रक वाचून वरवट बकालची एक पोरगी आदल्या वर्षी तिथं गेली होती. मंगळवारी सकाळी तीच मला मोठ्या फाटकावर घ्यायला आली. हसली, माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या पत्रकात तं लिहेल होतं, हॉस्टेल भेटते."

"नाही भेटलं?"

"भेटलं ना. दुसरीले भेटलं. मी तिच्या खोलीत पॅरासाइट आहे."

मला वाटलं, काही आजार सांगते आहे. पण तो तिथला रुळलेला शब्द निघाला. ज्याला वसतिगृह मिळालं नाही आणि जो दुसऱ्याच्या खोलीत चोरून जमिनीवर झोपतो, तो पॅरासाइट. परजीवी. आमच्या बैलाच्या कानात असते ती गोचीड. पोरं स्वतःच स्वतःला म्हणतात आणि हसत म्हणतात. माणसं दुसऱ्या माणसाला काय काय म्हणतात, यावर मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत. पण माणूस आपलं नाव गोचीड सांगतो आणि वर दात काढतो, हे पहिल्यांदा ऐकलं.

"मंग आता मी कोण?" मी विचारलं.

"तुम्ही पॅरासाइटची पॅरासाइट," ती म्हणाली. "चाला."

खोली दोघींची, राहणाऱ्या तिघी, मी धरून चार. कॉटखाली गुंडाळून ठेवलेली तिसरी गादी हिची. दात घासायचे दोन ब्रश उघड्यावर ग्लासात, तिसरा कपाटात कपड्यांमागं. बाथरूमच्या जाळीवर केसांचा बोळा बसला होता. इतक्या जणींचा, की तो कोणाचाच नव्हता, म्हणून कोणी उचलतही नव्हतं. मेसच्या वरणात चमचा फिरवला तर तो सरळ बुडाला, कशालाच लागला नाही.

बुधवारी सकाळी सातला पोरगी मला हलवून म्हणाली, "रेक्टर आली. टॉवेल घ्या, बाथरूमात चाला. आंघोळ करणाऱ्या पोरीले कोणी विचारत नाही."

मी टॉवेल घेतला. ती एका मोरीत, मी शेजारच्या. दोघींच्या खांद्यावर कोरडे टॉवेल. भिंतीपलीकडून ती कुजबुजली, "ताई, नळ सोडा ना. आवाज आला पाहिजे."

मी नळ सोडला. जिल्हाभर फिरून पोरींना "मान वर करून चाला" सांगणारी मी, केसांच्या बोळ्याशेजारी उभी राहून बादलीत पाणी वाजवत होते. बाहेरून रेक्टरबाईंचा आवाज आला, "लवकर आटपा गं सगळ्या," आणि त्यांच्या चपला पुढं गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. शंभर पोरी कोरड्या अंगानं मोऱ्यांत उभ्या असतात आणि संस्था त्याला शिस्त म्हणते.

दुपारी चिखली तालुक्यातला एक दादा भेटला. आमच्या भागातून येणाऱ्या पोरांना तो मार्गदर्शन करतो. सात वर्षं तिथंच आहे. त्यानं मला आधी वाचनकक्ष दाखवला. एका खुर्चीला बूड टेकायची उशी सुतळीनं बांधलेली, समोर पाण्याची बाटली. "ही माझी," तो म्हणाला. आमच्याकडे बापाच्या नावावरचं वावरही इतक्या ठसक्यात कोणी दाखवत नाही. सगळ्या खुर्च्यांवर अशाच बाटल्या बसल्या होत्या. जी माणसं होती ती स्पर्धा परीक्षेची गाईडं वाचत होती.

"इथी एम.ए.चं कोण वाचते?" मी विचारलं.

"'वाचते' नाही, 'वाचतं' म्हण. इथं हसतात."

"कोण हसलं आत्ता?"

तो म्हणाला, "मी." आणि लगेच शिकवायला लागला. "हे बघ, एम.ए. कोणी करत नसतं. ॲडमिशन घ्यायचं, ओळखपत्र घ्यायचं, खुर्ची धरायची, परीक्षा देऊन सरकारी पोस्ट काढायची. राहायचं काय, पॅरासाइट राहा. मी सात वर्षं राहिलो. काय झालं मला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. जे झालं होतं ते समोर बसलं होतं.

संध्याकाळपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं, की परत जायचं. तालुक्याचं कॉलेज निदान तोंडावर तरी सांगतं, की आम्ही शिकवत नाही. इथं तर इमारतीला घुमट आहे.

गुरुवारी पोरगी म्हणाली, "आमच्या वर्गात येऊन तं पाहा. मंग जा."

दुसऱ्या वर्षाचा वर्ग. पटावर चाळीस नावं, बाकांवर चार जण, मी पाचवी. मॅडम आल्या. मला वाटलं, डोकी मोजून परत जातील. आमच्याकडे दहा असली तरी जातात. त्यांनी दार लावून घेतलं आणि चाळिसांसमोर बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. विषय होता गावातली सत्ता. एका पोरानं ग्रामसभेची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. मॅडमनी विचारलं, "ग्रामसभेत कोण बोलत नाही?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "जे बोलत नाही ते येतच नाही, मॅडम. त्यायची सही घ्यायले रजिस्टर घरी जाते."

"हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. आमच्याच घरी येते. माझी आई सही करते."

मला वाटलं, आता त्या वा म्हणतील. सभेत हे वाक्य टाळी घेतं. त्या म्हणाल्या, "आई सही का करते?"

अडाणीपणा म्हणावं तर आई अंगणवाडीत मदतनीस आहे, रोज स्वतःची हजेरी लिहिते. दबाव म्हणावं तर रजिस्टर आणणारा ग्रामपंचायतीचा शिपाई गरीब माणूस, तो कोणाला काय दाबणार? तीन वर्षं मी प्रश्न लिहीत आले, पण पत्रकात प्रश्नाच्या खालच्याच ओळीत उत्तर असतं. हा तसा नव्हता.

तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "तू यादीतली आहेस का?"

"यादीत आहे. ठरलं नाही अजून."

"मग ठरवून ये," त्या म्हणाल्या. "न ठरवता आलेले पुष्कळ आहेत."

संध्याकाळी आईला फोन लावला. तिनं आधी विचारलं, "पाणी मानवलं का वं तिथलं?"

"पाणी मानवलं. बाकी काहीच नाही मानवलं. आई, ग्रामसभेच्या रजिस्टरवर तू सही काऊन करतं?"

"काऊन म्हंजे? शिपाई दारात उभा राह्यते. त्याले अजून घरं फिरा लागते. सही केली की जाते." मग तिला आठवलं. "अन् तुहा फ्लेक्स गेला बरं का."

"कुठं गेला?"

"वाऱ्यानं एक टोक सुटलं होतं. शेजारच्या काकानं सोडून नेला, जनावराच्या कुटारावर टाकला. पाणी आलं होतं ना. तुहं तोंड आतल्या बाजूनं आहे, भिजलं नाही." आई हसली. "आता ये तं ये. कोणी इचारत नाही."

तीन दिवस मी त्या फ्लेक्सला शिव्या देत होते. आता शिव्या द्यायलाही तो उरला नाही. परत गेले असते तर कोणालाच फरक पडला नसता, फ्लेक्स तर चाऱ्याचं कुटार झाकत होता. घुमट, मोऱ्या, बाटल्या, गोचीड हे सगळं मी एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला एक लावून घेतलेलं दार. तेवढंच. पण ते दार मला आमच्या जिल्ह्यात सापडलं नव्हतं, आणि मी जिल्हा पायाखाली घातलेला आहे.

शुक्रवारी दुपारी मी प्रवेशाच्या रांगेत उभी राहिले. पोरगी सोबत होती. खिडकीतून अर्ज आला, त्याच्या मागं हमीपत्र. "मी विद्यापीठाच्या कोणत्याही वसतिगृहात अनधिकृतपणे वास्तव्य करणार नाही." वसतिगृहाची यादी कधी लागणार, हे मी त्याच खिडकीत विचारलं. उत्तर आलं, "लागेल तेव्हा लागेल."

मी पेन काढलं आणि त्या ओळीखाली लिहिलं: "वसतिगृह मिळेपर्यंत मी मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपणार आहे, आणि विद्यापीठाला हे माहीत आहे." लिहिताना मजा आली. चांगलं, ठणठणीत वाक्य होतं.

पोरगीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. तिचं तोंड उतरलं. "ताई, खोडा ते."

"काऊन? खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. ते मैत्रीण शोधतीन. खोली शोधतीन. तुम्ही भांडसान, तुमच्यामागं संघटना आहे. माझ्यामागं कोण आहे? माह्यासंग त्या दोघीयचं बी हॉस्टेल जाईन." मग हळूच म्हणाली, "मी तुमच्याच पत्रकानं आली, ताई."

मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, लिहून झालं असेल तर सरका." खिडकीतला हात बाहेर येऊन बोटं हलवत होता. त्या हातामागच्या माणसालाही संध्याकाळपर्यंत अजून पन्नास अर्ज घ्यायचे होते.

मी तो कागद फाडला. दुसरा मागून घेतला. पुन्हा सगळं भरलं आणि हमीपत्राच्या खाली सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची सही. खिडकीतला हात कागद घेऊन आत गेला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी कॉटखाली माझी गादी सरकवली.

हे आता लिहिते आहे, कारण ती पोरगी पास होऊन वरवटला गेली, त्या दोघींनीही खोली सोडली, त्यांचं आता कोणी काही बिघडवू शकत नाही. उन्हाळ्याचं पत्रक मी नव्यानं लिहिलं. त्याची पहिली ओळ आहे, "वसतिगृह मिळत नाही." संघटनेतले म्हणाले, अशानं पोरी येणार नाहीत. मी म्हटलं, ठरवून येतील. विद्यापीठ मला मानवलं का, असं अजूनही लोक विचारतात. नाही मानवलं. सकाळी नळाचा आवाज आला की अजून हात टॉवेलकडे जातो.

पण प्रवेशानंतर माझ्या वर्गाच्या पहिल्याच तासाला मॅडम आल्या, दार लावून घेतलं, आणि मला बघून म्हणाल्या, "तुझं एक उत्तर राहिलं होतं."

मी उभी राहिले. "शिपाई दारात उभा असतो, मॅडम. त्याला अजून घरं फिरायची असतात. आणि सही नाही केली, तर त्रास वरच्या माणसाला होत नाही, आपल्यापेक्षा लहान माणसाला होतो. म्हणून करते." आईचं सांगता सांगता मी माझंच सांगत होते.

मॅडमनी मान हलवली. शाबासकी नाही, काही नाही. "आणि शिपायाला दारोदार कोण पाठवतं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले आणि वही उघडली.