मोजायचा राहिलेला उजेड

दिनकर गेल्याचं कळलं तेव्हा मी एका नवरीच्या मांडीवर पांढरी चादर पसरत होतो. लोणावळ्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवा वरून सोडला की हनुवटीखाली काळं येतं, म्हणून खाली चादर घालायची. उजेड तिच्यावरून परत वर जातो आणि चेहरा उजळतो. दिनकरचा चुलतभाऊ दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दिनू गेला. पहाटं, मुंबईच्या दवाखान्यात." मी ऐकलं, आणि फोटो काढला. चांगला आला. का काढला, अजून कळत नाही...

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो भाजे गावाहून मळवली स्टेशनपर्यंत चालत यायचा आणि गाडीनं लोणावळ्याला. गणितात मी त्याचं बघून लिहायचो, एवढंच माझं गणित. पुढं तो मुंबईत एका संस्थेत लागला. तिथं एक कॉम्प्युटर होता, दिवाणखान्याएवढा, आणि त्याला भोकं पाडलेली कार्डं खायला घालायची. सत्तर साल उलटल्यावर कधीतरी त्याच्या डोक्यात आलं, की भाज्याच्या आपल्या खोलीत दिवा लावला की ती कशी दिसते, ते या यंत्राकडून नुसत्या आकड्यांवरून काढून घ्यायचं. मी हसलो. म्हटलं, फोटो काढून देतो की, फुकट. तो म्हणाला, "कोपरा काळा का आला, ते तुझा कॅमेरा सांगत नाही."

पहिलं चित्र त्यानं मलाच आणून दाखवलं. लांबलचक कागदावर इंग्रजी अक्षरंच अक्षरं. जिथं काळं हवं तिथं अक्षरावर अक्षर छापलेलं. जवळून काही कळेना. त्यानं मला दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे उभं केलं, आणि मला खोली दिसली! दिवा, कणगी, चुन्याची भिंत. फक्त माळ्याची खालची बाजू कोळशासारखी काळी. खऱ्या खोलीत तर माळ्याचे वासे मोजता येतात. दिव्यावर पत्र्याची शेड आहे, सगळा उजेड खाली जातो, मग वर येतो कुठून, असं तो स्वतःलाच विचारत होता. मी म्हटलं, "माझी चादर." त्यानं भर रस्त्यात मला मिठी मारली. त्या आनंदात मी आठवडाभर होतो, हे कबूल करतो.

मग त्यानं जमिनीवरून परत फिरणारा उजेडही गणितात धरला. उन्हाळ्यात येऊन भिंत किती उजळ, जमीन किती उजळ, ते माझ्या उजेड मोजायच्या मीटरनं टिपून नेलं. पावसाळा सरल्यावर त्याचं पत्र आलं. यंत्राचे आकडे तयार आहेत, ताडून बघायला खोलीतला उजेड तू मोजून पाठव, मला रजा नाही. मी एका रविवारी भाज्याला गेलो. खिडकीला गोणपाट लावलं, दिवा लावला, त्यानं लिहिलेल्या चाळीस जागी मीटर धरला आणि आकडे टपालात टाकले. त्याच्या काकूंनी चहा दिला. पायाला जमीन गार लागत होती, हेही मला चांगलं आठवतं. आठवून उपयोग काय...

आकडे जुळले नाहीत. माळ्याखाली आणि कोपऱ्यांत त्याचं गणित जास्त उजेड सांगत होतं, माझा मीटर कमी. तो आला आणि भीत भीत म्हणाला, "मीटर कुठं पडला-बिडला नव्हता ना रे?" मला राग आला. आमच्या धंद्यात मीटरवर शंका म्हणजे माणसावर शंका. मी म्हटलं, "तुझं गणित तपास." त्यानं चहा संपवला. पुन्हा कधी विचारलं नाही. दोन वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ यायची, की अजून चूक सापडत नाही. मला ती ओळ वाचून बरं वाटायचं. इतका मी हलका माणूस.

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेलो. ढगाळ दुपार, म्हणून त्यांनी दिवा लावला होता. घर नुकतंच सारवलेलं, जमीन ओली, गर्द हिरवी. वर बघितलं तर वासे दिसेनात. पायाला जमीन गार लागत होती, त्या रविवारसारखीच. मी विचारलं, त्या रविवारी मी आलो तेव्हाही सारवलं होतं का?

"व्हय. दिनूनं लिवलं हुतं, माप घ्यायला येनार. उखनलेल्या भुईवर तुमाला कसं बशीवनार? सकाळीच सारावलं."

उन्हाळ्यातली वाळलेली, फिकी जमीन त्यानं गणितात धरली. मी मोजली ती ओली, उजेड गिळणारी. रोज नवरीच्या मांडीवर चादर घालणाऱ्याला हे दिसू नये? की कारण दुसरंच काही होतं? हे सांगू शकेल असा एकच माणूस होता.

काकूंनी त्याची वही दिली. शेवटच्या पानावर तीन रकाने, त्याच्या बारीक अक्षरात. 'गणितातलं', 'मोजलेलं' आणि तिसरा, 'पुन्हा मोजून'. तिसरा चाळीसही ओळी कोरा. पुन्हा मोजशील का, असं मला विचारायचं त्याच्या मनात होतं...

जमीन पूर्ण वाळल्यावर मी मीटर घेऊन गेलो. गोणपाट लावलं, दिवा लावला, एकेक जागा मोजून तिसरा रकाना भरला. बहुतेक ठिकाणी सुई त्याच्या आकड्यावर आली. चारपाच ठिकाणी नाही आली. आता त्या चारपाचांचं मी काय करू? मला आनंद व्हायला हवा होता की रडू यायला, तेही ठरेना.

वही मिटली तेव्हा काकू शेणाची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"झालं का भाऊ? सारवू आता?"

मी म्हटलं, "आज राहू द्या, काकू."