प्रोफेसरांचं काचेचं पोट

उष्ट्याला शास्त्राचा मान देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका सुरतेत, उधन्याला, आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत होता. बाळांनो, ही तुमच्या जन्माआधीची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रोफेसर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि घरी, एकटा जीव असल्यामुळे, स्वयंपाकघरात चक्क एक पोट चालवत. अंगाइतक्या कोमट पाण्याच्या पातेल्यात काचेच्या बाटल्या, त्यांत आम्ल आणि पाचक रस. नंतर ते सगळं एका पारदर्शक पिशवीत, म्हणजे आतड्यात! पिशवीतून बाहेरच्या पाण्यात साखर किती वेगाने झिरपते, ते पाहायचं. "चोथा जास्त, तर साखर सावकाश," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. पण बाटलीला दात नाहीत, म्हणून घास आधी माणसानेच चावायचा. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाचा शिरा पंधरा वेळा चावला आणि खिशातून बाटली काढून सर्वांदेखत तिच्यात थुंकला. गुरुजींच्या हातून पोथी निसटली. मला तर पाणीसुद्धा गोड लागेना.

तुमच्या आजोबांना मधुमेह होता. बेकरीचा पाव सोडला नाही तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आजोबा म्हणत, "माझं पोट मला कळतं!" शेवटी मीच प्रोफेसरांना खाली बोलावलं. आजोबांनी मोठ्या हौसेने एका बाटलीत पाव आणि दुसरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चावून टाकली. प्रोफेसर पाचक रस आणायला वर गेले. ओट्यावर उष्टं पाहून माझे हात थांबेनात. मी दोन्ही बाटल्या साबणाने घासून उपड्या घातल्या.

"काकू," प्रोफेसर दारातच थिजले, "अहो, तुम्ही यांचं पोट घासलंत!"

"मी काही पुन्हा चावणार नाही," आजोबा म्हणाले. "दाढ दुखली."

प्रोफेसरांनी बाटली माझ्यापुढे धरली. मी! कुणाच्या पेल्यातून घोटभर पाणीही न पिणारी! मी आजोबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझे डोळे मिटले आणि चावू लागले. आजोबा खदखदून हसत मोठ्याने मोजत होते, "तेरा... चौदा... पंधरा! थुंक आता!"

संध्याकाळी प्रोफेसरांनी पिशव्यांबाहेरचं पाणी निळ्या औषधात घालून तापवलं; साखर जितकी जास्त, तितका रंग लाल. भाकरीचं जेमतेम हिरवट झालं. पावाचं विटेसारखं लाल. आजोबा वाकून जवळून पाहू लागले.

"हे लाल माझ्या डोळ्यांत जातं होय?"

"जवळजवळ तसंच, काका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाबरोबर भाकरी मागितली. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी पेपर स्वतःच वाचला.

प्रोफेसर पुढे सुरत सोडून गेले. जाताना दिलेली एक बाटली मी अजून घासूनपुसून ठेवते. भाकरीचा पहिला घास पंधरा वेळा चावते. मोजायला मात्र आता कुणी नाही.